सोलापुरातला सीटमेकर आणि घाटातले सहा दिवस

मोटारसायकलवरून एकट्याने लांब जायचे ठरले की आपण टायर बदलतो, चेन घट्ट करून घेतो, ब्रेक तपासतो, रेनकोट आणि पेट्यांवर सढळ हाताने खर्च करतो. पण ज्या वस्तूवर रोज सात-आठ तास बसायचे असते ती सीट मात्र गाडीबरोबर आली तशीच राहते. मीही तीन वर्षे हेच केले. गेल्या सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी सोलापूरहून सातारा, महाबळेश्वर, चिपळूण, कोयनानगर, कोल्हापूर, गगनबावडा, आंबोली असा सहा दिवसांचा, सुमारे १,१०० किलोमीटरचा फेरा एकट्याने केला आणि त्याआधी सोलापुरातल्याच एका सीटमेकरकडून सीट नव्याने बांधून घेतली. हे परीक्षण त्या कामाचे आहे. घाटांचे वर्णन येईल ते सीटच्या निमित्तानेच.

आधी मूळ दुखणे सांगतो. माझी गाडी ३५० सीसीची, वजनाने दोनशे किलोच्या आतबाहेर. माझे वजन ८२ किलो, उंची पाच फूट सहा इंच आणि वय सत्तेचाळीस. पुण्याच्या रस्त्याला लागलो की टेंभुर्णी येईपर्यंत माकडहाडाजवळ ठणका सुरू व्हायचा आणि इंदापूरनंतर मी गाडी चालवण्यापेक्षा फूटरेस्टवर उभा राहण्यातच अधिक वेळ घालवायचो. त्यावर उपाय म्हणून आधी ऑनलाइन मागवलेली एक जेलची गादी वापरून पाहिली. सोलापूरच्या एप्रिलमध्ये, चाळिशी ओलांडलेल्या उन्हात, अर्धा तास उभ्या केलेल्या गाडीवरची ती काळी गादी म्हणजे तापलेला तवाच होता, शिवाय ब्रेक दाबला की माझ्यासकट पुढे सरकायची. मग एका दुकानातून सीटवर जास्तीचा मऊ स्पंज चढवून घेतला. पहिले आठ दिवस झोपाळ्यावर बसल्यासारखे वाटले आणि नंतर दुखणे दुपटीने परतले.

असे का झाले, हे मला या सीटमेकरकडे गेल्यावर कळले. दुकान अशोक चौकाच्या बाजूला एका बोळात आहे. पाटी नाही, शटरवर ऑइल पेंटने ‘सीट मेकर’ एवढेच लिहिलेले असून त्यातला ‘र’ शटरच्या घडीत अर्धा गेलेला आहे. आत दोन माणसे कशीबशी मावतील एवढी जागा, भिंतीला रेक्झिनचे रोल, पायाखाली फोमचे तुकडे आणि एक जुनी, काळी, जाड कापड शिवणारी मशीन. मालक साठीच्या पुढचे आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात, आणि ते तेलुगू वळणाच्या मराठीत फार थोडे बोलतात. मी त्यांना ‘मऊ सीट पाहिजे’ असे सांगितले तेव्हा त्यांनी आधीच्या दुकानाने चढवलेल्या स्पंजात अंगठा दाबला, तो खालच्या प्लास्टिकच्या तळाला टेकला, आणि ते म्हणाले, “मऊ हाय की ओ साहेब. मऊच हाय म्हणून तर दुखतंय.”

बसलेल्या माणसाचे वजन मुख्यतः बैठकीच्या दोन हाडांवर येते. फोम फार मऊ असला तर ती हाडे त्यात रुततात, फोम तळापर्यंत दबतो आणि मग आपण प्रत्यक्षात प्लास्टिकच्या तळावरच बसलेलो असतो. शिवाय मधला भाग वर उचलला जाऊन एरवी मोकळ्या राहणाऱ्या माकडहाडावरही दाब येतो. फोमची घनता म्हणजे एका घनमीटर फोमचे वजन, आणि ती मऊपणापेक्षा वेगळी गोष्ट आहे. घनता कमी असलेला फोम लवकर बसतो, म्हणजे एकदा दबला की पुन्हा पूर्ण वर येत नाही. त्यामुळे दुकानात अंगठ्याने दाबून फोम निवडणे फसवे ठरते. अंगठ्याखाली सुखद वाटणारा फोम तीन तासांनंतर कसा वागेल, हे अंगठा सांगू शकत नाही.

मामांनी अंगठ्यावर काम भागवले नाही. त्यांनी कोपऱ्यातून टीव्हीच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा काढला, त्याचा तुकडा सीटवर ठेवला आणि मला त्यावर, हात हँडलला व पाय फूटरेस्टवर ठेवून, पाच मिनिटे न हलता बसायला सांगितले. गाडी मुख्य स्टँडवर होती आणि बोळातून जाणारी शाळेची मुले माझ्याकडे पाहत होती. उतरल्यावर पुठ्ठ्यावर दोन स्पष्ट खळगे उमटलेले दिसले. मामांनी त्यांच्या मधोमध शिंप्याच्या खडूने खुणा केल्या, पट्टी लावून अंतर मोजले (माझे साडेबारा सेंटीमीटर निघाले) आणि पुठ्ठ्यावर गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे व माझे वजन लिहून ठेवले. सायकलच्या महागड्या सीटसाठी परदेशात असे माप घेतात, हे मी वाचले होते. सोलापूरच्या बोळात ते टीव्हीच्या खोक्यावर होईल असे वाटले नव्हते.

पुढचे काम दीड दिवस चालले आणि मी त्यातला बराच वेळ तिथे स्टुलावर बसून काढला. जुने रेक्झिन पिना उपटून काढले गेले, आधीच्या दुकानाचा स्पंज सरळ बाहेर गेला, आणि मूळ फोमला हॅक्सॉ ब्लेडने पुढच्या बाजूला किंचित चढ राहील असा काप दिला गेला. जिथे खळगे उमटले होते तिथे मूळ फोम कोरून त्यात तुकडे दाबून बनवलेला जड, रिबॉन्डेड फोम बसवला. बाकी ठिकाणी त्याहून हलका पण घट्ट फोम सोल्युशनने चिकटवला आणि सगळ्यांत वर जेमतेम अर्ध्या इंचाचा मऊ थर दिला. मग ग्राइंडरला खरखरीत कागदाची चकती लावून सगळी सीट घासली. पिवळ्या फोमचा भुगा मामांच्या भुवयांवर बसला होता आणि दर दोन मिनिटांनी ते मशीन थांबवून तळहात सीटवरून फिरवत, जिथे उंचवटा लागेल तिथे खडूची रेघ मारत आणि पुन्हा घासत. मोजपट्टी त्यांनी या टप्प्यावर एकदाही हातात घेतली नाही.

मजुरी आणि सामान मिळून २,४०० रुपये झाले. बाजारात तयार सीटसाठी याच्या दुप्पट-तिप्पट रक्कम सहज मागतात, त्यामुळे किमतीबाबत माझी तक्रार नाही. वेळेबाबत मात्र आहे: सांगितलेला वार आणि प्रत्यक्ष मिळालेला वार यांत दोन दिवसांचे अंतर पडले आणि फोनवर विचारले की दर वेळी ‘झालंच’ हे एकच उत्तर मिळाले.

पहिला दिवस सपाटीचा होता. पंढरपूर, पिलीव, म्हसवड, गोंदवले, दहिवडी, पुसेगाव, कोरेगाव असे करत साताऱ्याला पोहोचलो, अंतर दोनशे किलोमीटरच्या थोडे पुढे. या रस्त्यावर सीटची खरी परीक्षा होत नाही, पण पहिली गोष्ट इथेच लक्षात आली. पिलीवला मी चहासाठी थांबलो तो चहाची तल्लफ आली म्हणून, बसवेना म्हणून नव्हे. गोंदवल्यापर्यंत सुमारे दीडशे किलोमीटर झाले होते. तिथे महाराजांच्या समाधीचे दर्शन घेऊन बाहेर आलो, पेटीतली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी सावलीत बसून खाल्ली आणि पुन्हा गाडीवर बसताना नेहमीचा तो ‘आता परत बसायचे’ हा विचार मनात आला नाही. माण तालुक्यातले ते उघडे माळ आणि त्यावरच्या पवनचक्क्या मी यापूर्वीही पाहिल्या असणार, पण पाठ दुखत असताना माणूस फक्त किलोमीटरचे दगड पाहतो.

दुसऱ्या दिवशी मेढ्यावरून केळघरचा घाट चढून महाबळेश्वर आणि तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूर. सीटमेकरने पुढच्या बाजूला काय केले होते, ते आंबेनळीत समजले. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंचीवर आहे आणि पोलादपूर कोकणात, जवळजवळ तळाशी; म्हणजे चाळीस किलोमीटरच्या आसपास रस्त्यात १,२०० मीटरहून अधिक उतरायचे असते. हा उतार दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनच्या धरण्यावर आणि शक्य तितका कमी ब्रेक लावून उतरावा लागतो. अशा वेळी शरीर सतत पुढे, टाकीवर घसरत असते. मग माणूस हातांनी हँडल रेटून स्वतःला मागे ठेवतो, आणि संध्याकाळी मनगटे व खांदे दुखू लागले की दोष हँडलला देतो. मामांनी सीटच्या नाकाला किंचित चढ दिला होता, एवढा कमी की बाजूने पाहिल्याशिवाय कळणारही नाही, पण त्यामुळे मी जागेवर राहिलो आणि हातांना फक्त हँडल धरण्याचे काम उरले. जावळीच्या खोऱ्यातून ढग वर येत होते, प्रतापगडाचा बुरूज मध्येच दिसून पुन्हा नाहीसा होत होता आणि मी वळणावर नजर ठेवूनही ते पाहू शकलो. पूर्वी या घाटातली माझी आठवण एकच होती: डाव्या हाताची बोटे बधिर झाल्याची.

चिपळूणला मुक्काम करून तिसऱ्या दिवशी कुंभार्ली घाट चढताना पहिला दोष सापडला. दोन हाडांसाठी कोरलेल्या जागा इतक्या नेमक्या आहेत की माणूस त्यांत बसतो तो बसतोच. सरळ रस्त्यावर हे सुख आहे. पण तीव्र वळणावर शरीर थोडे आत कलते करावे लागते, चढावर थोडे पुढे आणि खड्ड्यांच्या पट्ट्यात थोडे मागे सरकावे लागते, आणि तिथे ही खोलगट बैठक आड येते. दर वेळी आधी उठावे आणि मग सरकावे लागले. कुंभार्लीतल्या वळणांवर हे दहा-वीस वेळा झाल्यावर मांड्यांना जाणवू लागले. ज्यांना घाटातच अधिक फिरायचे आहे त्यांनी कोरीव भाग उथळ ठेवायला आधीच सांगावे. मी सांगितले नव्हते, आणि मामांनीही ‘कुठं जाणार’ एवढेच विचारले होते, ‘कसं चालवता’ असे विचारले नव्हते.

कोयनानगरला धरण दिसेल अशा बाकावर अर्धा तास बसलो. शिवसागर जलाशय सप्टेंबरअखेरीस भरलेला होता. १०५ टीएमसी क्षमतेचे हे पाणी पाहताना बाकाच्या सिमेंटची कड मात्र टोचू लागली, आणि गाडीची सीट बाकापेक्षा बरी वाटली म्हणून मी उठून गाडीवरच जाऊन बसलो. तीन दिवसांपूर्वी हे कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो. पाटण, कराड करत संध्याकाळी कोल्हापूर गाठले.

चौथा दिवस सर्वांत लांब आणि सर्वांत वाईट. कोल्हापूरहून गगनबावडा ५५ किलोमीटर. तिथून कोकणात उतरायला करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट फुटतात. मी भुईबावड्याचा घेतला, कारण तो अरुंद असला तरी त्यावर अवजड वाहने कमी असतात. धुके दाट होते. एका वळणावर समोरून एसटी आली, तिला जागा द्यायला मी उताराच्या बाजूला थांबलो, डावा पाय खाली टेकला, आणि तो जिथे टेकायला हवा होता तिथे जमीन नव्हती. नव्या फोममुळे सीट पाऊण इंच उंच झाली आहे. सपाट रस्त्यावर पाऊण इंच म्हणजे काहीच नाही, पूर्ण पावलाऐवजी चवडा टेकतो एवढेच. पण रस्ता बाजूला कललेला असेल तेव्हा तोच पाऊण इंच पेट्यांसकट सव्वादोनशे किलोची गाडी आडवी करायला पुरतो. गाडी सावकाश, जणू विचार करून, डाव्या अंगावर निजली. मला लागले नाही, क्लचचा दांडा वाकला. एसटीचे चालक आणि वाहक दोघेही खाली उतरले आणि आम्ही तिघांनी ती उभी केली. वाहकाने माझ्या पायांकडे आणि मग सीटकडे पाहून “उंच आहे हो तुम्हाला” असा निकालही दिला.

ही चूक कोणाची, याचा मी बराच विचार केला. सोबत कोणी असते तर त्याने हात दिला असता. एकट्याने फिरणाऱ्याला मात्र गाडी पडल्यावर उचलायची कशी हा प्रश्न सीट बांधतानाच सोडवावा लागतो. सीटच्या पुढच्या दोन्ही कडा, जिथून मांड्या खाली उतरतात, थोड्या अरुंद केल्या असत्या तर उंची तीच राहूनही पाय अधिक खाली पोहोचले असते. हे नंतर मामांनीच सांगितले. सीटवर बसवून पाय टेकतात का, हे काम देतानाच पाहायला हवे होते. त्यांनीही पाहिले नाही आणि मीही बोळाच्या सपाट फरशीवर उभा राहून समाधान मानले.

सावंतवाडीवरून आंबोली चढताना पावसाने गाठले. आंबोलीचा पाऊस म्हणजे आमच्या सोलापूरच्या माणसाला न पेलणारी गोष्ट आहे. आमच्याकडे अनेक वर्षांत मिळून जेवढा पडतो तेवढा तिथे एका पावसाळ्यात पडतो, आणि परतीचा पाऊसही काही कमी जोरात नसतो. रात्रभर गाडी लॉजच्या अंगणात उघड्यावर होती. सकाळी सीट फडक्याने कोरडी पुसली, बसलो, आणि शिवणीतून थंड पाणी थेट पँटमध्ये आले. उठून तळहाताने दाबले तर शिलाईच्या प्रत्येक भोकातून बुडबुडे आले. म्हणजे फोमने पाणी पिऊन घेतले होते. चांगल्या कामात फोम आणि रेक्झिन यांच्यामध्ये पातळ प्लास्टिकचा कागद घालतात किंवा शिवण आतून बंद करतात; इथे यांपैकी काहीच झालेले नव्हते. दुरुस्तीसाठी उघडल्यावर हे स्वतः पाहिले, म्हणून खात्रीने लिहितो. माझ्या लेखी या कामातला सर्वांत मोठा दोष हाच, कारण उंची आणि कोरीवपणा यांबाबत मतभेद असू शकतात, ओल्या बुडाबाबत असू शकत नाही.

तो दिवस आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत मिरजेपर्यंत मी सीटवर खाद्यतेलाच्या पिशवीचे फाडलेले प्लास्टिक आणि त्यावर घरून आणलेला टॉवेल टाकून काढला. टॉवेल अर्थात सोलापुरीच. एक सल्ला इथे देऊन टाकतो, कारण तो फुकटचा आहे: सीट कितीही उत्तम असली तरी रेक्झिनवर घाम साचतो, आणि कोकणातल्या दमट हवेत दुपारनंतर दुखण्यापेक्षा या घामाचाच त्रास अधिक होतो. जाड विणीचा टेरी टॉवेल इलॅस्टिकने सीटवर बांधला तर तो घाम टिपतो, हवा खेळती ठेवतो, मुक्कामाला धुता येतो. शंभर-दीडशे रुपयांच्या या टॉवेलने जेलच्या गादीपेक्षा मला अधिक साथ दिली. पावसात मात्र तो काढून पेटीत ठेवावा.

सहाव्या दिवशी मिरज, कवठे महांकाळ, सांगोला, मंगळवेढा आणि सोलापूर. रुंद रस्ता, ऊन, कडेला ज्वारीसाठी नांगरून ठेवलेली मंगळवेढ्याची काळी रानं. सहाव्या दिवसाचे एकशे नव्वद किलोमीटर मी दोन थांब्यांत संपवले, त्यातला एक पेट्रोलसाठी होता. घरी पोहोचल्यावर खांदे आणि डोळे थकलेले होते. बैठक, माकडहाड, मांड्या या भागांबद्दल सांगण्यासारखे काही नव्हते, आणि सीटबद्दल याहून मोठी तारीफ मला सुचत नाही.

परतल्यावर चार दिवसांनी गाडी घेऊन दुकानात गेलो. पाण्याची तक्रार सांगितल्यावर मामांनी वाद घातला नाही, फक्त “राहिलं ते” म्हणाले आणि पिना काढायला घेतल्या. फोम पंख्याखाली रात्रभर वाळवला, आत प्लास्टिकचा थर दिला, शिवणींना आतून टेप लावली, पुढच्या कडा घासून अरुंद केल्या आणि कोरीव भाग थोडा भरून घेतला. या सगळ्याचे एक रुपयाही घेतला नाही. त्यानंतर मी मुद्दाम नळीने पाणी मारून पाहिले; सीट आतून कोरडी राहिली. पायही आता दोन्ही बाजूंना जवळजवळ पूर्ण टेकतात.

तेव्हा या दुकानात जायचे तर प्रवासाच्या किमान तीन आठवडे आधी जावे, म्हणजे काम लांबले तरी दोन-तीनशे किलोमीटर चालवून दुरुस्तीला परत आणता येईल. पाण्याचा थर, पायांची उंची आणि बैठकीची खोली या तीन गोष्टी स्वतःहून, स्पष्ट शब्दांत सांगाव्यात. मागच्या सीटवर कोणी बसणार असेल तर त्यांनाही पुठ्ठ्यावर बसवून घ्यावे. माझी मागची सीट तशीच राहिली आहे आणि त्याबद्दल घरून स्वतंत्र परीक्षण ऐकायला मिळाले. ज्यांना दिलेल्या दिवशी, छापील पावतीसह आणि हमीसह काम हवे असते त्यांची इथे चिडचिड होईल.

निघताना मामांनी फळीवरच्या गठ्ठ्यातून माझा तो पुठ्ठा काढला, त्यावरचे दोन खळगे आणि चार आकडे पाहून घेतले, आणि पुन्हा इतर पुठ्ठ्यांमध्ये सरकवून ठेवला. म्हणाले, “नवी गाडी घेतली तर सरळ हिकडं आणा. माप हाय आपल्याकडं. वजन तेवढं हेच ठेवा.”